दगडाची तोंडं

परातीतल्या दगडावरची तोंडं उघडली, आणि चावडीपुढं जमलेल्या गावानं देवीच्या नावाचा गजर केला.

१९४६ सालची, रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातली ही गोष्ट. मी तिथं मास्तर होतो. गोवरानं तीन पोरं गेली होती आणि त्याचं खापर धोंडुबाई या एकट्या विधवेवर फुटलं होतं. आज ती चेटकीण ठरली, तर गाव तिला दगडांनी हाकलणार होतं.

निवाडा करायला कोकणातून एक बुवा घाट चढून आला होता. त्याच्या दगडाला पांढऱ्या, टोकदार शिंपा चिकटलेल्या.

"ना डिंक, ना चुना! ओढून बघा! देवी सत्याला तोंड उघडते, पापाला मिटते!"

पाटलांनी ओढून पाहिलं. नख तुटलं, शिंप हलली नाही. मग त्यांनी शपथ घेतली, बुवानं काळ्या घागरीतलं 'तीर्थ' ओतलं आणि तोंडांतून बारीक पिसं हलू लागली. त्याच वेळी तो गजर झाला होता.

आता धोंडुबाईची पाळी. तिनं शपथ घेतली. बुवानं परात रिकामी करून लाल घागरीतलं पाणी ओतलं. तोंडं मिटली, ती मिटलेलीच राहिली.

बायांनी पोरं पदराखाली घेतली. पोरगा गमावलेल्या दादासोनं धोंडा उचलला. मला हे खोटं वाटत होतं, पण मी तोंड उघडलं नाही.

"थांब गड्या!" गावचाच आकाराम पुढं घुसला. लढाईत चार वर्षं तो बोटीवर होता. त्यानं दोन्ही घागरींत बोट बुडवून चाखलं. "काळीतलं खारट हाय, लालमधलं गोडं. आता काळीतलं धोंडुबाईच्या नावानं वता."

"देवी कोपेल!" बुवा किंचाळला.

"कोपू दे माज्यावर."

पाणी ओतलं. बराच वेळ काही हललं नाही. दादासोच्या हातात धोंडा तसाच होता. मग एक तोंड उघडलं, दुसरं, मग सगळीच.

"आता लाल घागर, बुवाच्या नावानं!"

तोंडं पटापट मिटली.

"खेकड्याच्या भावकीतला जीव हाय ह्यो," आकाराम म्हणाला. "पिल्लू हाय तवर समुद्रात पवतंय. जागा घावली की डोकं टेकून डिंक सोडतंय. त्यो पाण्यातबी घट्ट हुतोय. मग भवती घर बांधून जलमभर तितंच. खाऱ्या पाण्यात पाय भाईर काढून खातंय, गोड्यात दार लावून घेतंय. बोटीच्या बुडाचं ह्येच खरवडून माजी बोटं सोलली!"

बुवा गर्दीतून सटकत होता. पाटलांनी त्याची मानगूट धरली. दादासोनं धोंडा टाकून दिला.

धोंडुबाई उठली आणि सरळ माझ्यापुढं आली. "मास्तर, तुमी शिकल्यालं. तुमी का गप व्हता?"

तो प्रश्न आजही माझा पिच्छा सोडत नाही. म्हणून वाचकहो, सांगतो: गोवर हा रोग आहे, तो कुणा बाईच्या नजरेतून येत नाही. असला निवाडा तुमच्या गावात आला, तर दगड उचलण्याआधी पाणी चाखून बघा. कुणी आकाराम येईल म्हणून वाट बघत उभे राहू नका.