दारातली निळी बाई

कापसाचा बोळा निळा झाला. घाण कधी निळी नसते.

जुनी चित्रं साफ करणं हा आमचा घरचा धंदा. बाबांनी चाळीस वर्षं केला, आता त्यांची नजर गेली म्हणून मी करते. हे चित्र संग्रहालयातून आलेलं. शेताच्या कडेला एक घर, पुढे गवत, सगळं नुसत्या ठिपक्यांचं. नाक लावून बघितलं तर गिचमिड, पाच पावलं मागे गेलं की घर. आणि मी शहाणी सकाळपासून नाक लावूनच बसले होते. दाराजवळचा काळपट ठिपका मला माशीची घाण वाटला. पुसला.

मागे सरकून बघितलं, तर दारातली बाई गायब. तिच्यामुळेच तर हे चित्र पोस्टकार्डांवर छापतात! चार वाजता संग्रहालयाचे साहेब चित्र न्यायला येणार होते, आणि साडेतीन झाले होते.

"बाबा!" मी हाक मारली.

ते भिंतीला धरून आले. "काय गं, काय सांडलंस?"

"दारातली बाई पुसली मी. घाण समजून."

मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण ते स्टुलावर बसले.

"लगेच सुटली?"

"एका फटक्यात."

"मग रडू नकोस. मूळचा जुना रंग इतका सहज सुटत नाही. ती माझी होती."

"म्हणजे?"

"मूळ ठिपका मी घासून पुसला. तू पाळण्यात होतीस तेव्हा. घाण समजूनच. बोळा निळा झाला, घाबरलो, अंदाजाने बाई रंगवली. संग्रहालयाचं पत्र आलं की अजून घाम फुटतो."

क्षणभर मला हायसं वाटलं, त्याची लाजही वाटली. मग पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. आता हे बाबांच्या नावावर येणार होतं.

"खरी कशी होती?"

"पुसण्याआधी मी तरी कुठे लांबून बघितलं होतं?"

"पण बाईच होती ना?"

चाचपडत बाबांनी बारीक ब्रश शोधला आणि माझ्या हातात कोंबला. "रंगव पटकन."

तेवढ्यात बेल वाजली. साहेब लवकर आले होते.

"उघडू नकोस," बाबा म्हणाले. माझं मनगट त्यांनी गच्च धरलं होतं. या माणसाला मी आयुष्यभर घाबरत आले, आणि आता तो दारावरच्या माणसाला घाबरत होता.

मी ब्रश खाली ठेवला आणि त्यांना हाताला धरून दाराकडे नेलं.