कासव माझ्यावरून पडलं

मी बालवर्गातलं टेबल. बोलतोय, पण जरा हळू बोलतोय, कारण जे सांगायचंय त्यात मिरवण्यासारखं काही नाही. मला अक्षर येत नाही. माझ्या अंगावर कितीकांनी काय काय लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पण त्यातलं एकही मला वाचता आलं नाही. जे पाहिलं आणि जे अंगाला लागलं, तेवढंच सांगतो.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. जुन्या दरवाज्याच्या फळ्या उरल्या होत्या, त्यातून त्यानं मला बनवलं. सुतार मनानं चांगला. रंधा मारताना माझ्याशी बोलायचा, म्हणायचा, तू दार होतास तेव्हा लोक तुला ढकलायचे, आता टेकतील. त्याचं म्हणणं खरं झालं. आधी मी एका शिंप्याकडे होतो. तो माझ्यावर कापड पसरायचा, खडूनं रेघा मारायचा आणि कात्री चालवायचा. वीस-बावीस वर्षं मी कात्रीचा आवाज ऐकला. मग शिंप्याची नजर गेली, दुकान मिटलं, आणि त्यानं मला शाळेला देऊन टाकलं.

शाळेचा जिना अरुंद. मला वर नेताना एक पाय कठड्यात अडकला आणि टोकाशी चिरफळला. शिपाईकाकांनी करवत आणली आणि तेवढा तुकडा कापून टाकला. बाकीचे तीन पाय तसेच ठेवले. मी एका पायानं बोटभर आखूड झालो. काकांनी पुठ्ठ्याची घडी करून त्या पायाखाली सरकवली आणि म्हणाले, "चालतंय की." कोपऱ्यात उभं राहायचं तर चालतही होतं. त्या पायावरच्या कोपऱ्यावर कुणी टेकलं की मी कुरकुरायचो, मग पुठ्ठा नीट सारला जायचा, आणि माझा दिवस सरायचा.

बालवर्गाच्या बाई तरुण होत्या. पोरांशी बोलताना त्या आपोआप खाली बसायच्या. खुर्ची त्यांना दिली होती, पण तिच्यावर बहुतेक वेळ त्यांची पर्सच बसलेली असायची.

त्या वर्षी शाळेनं ठरवलं की लहानांना गणित-विज्ञान नव्या साधनांनी शिकवायचं. दोन साधनं पंधरा दिवसांसाठी वापरून बघायला आली. एक होती पडद्याची पाटी, बोट लावलं की चित्रं हलायची. दुसरी एक हिरवी, ओंजळीएवढी गाडी. तिच्या पाठीवर बाणांची बटणं होती. पुढचा बाण तीनदा दाबला की ती तीन घरं पुढं जायची, वळायचा बाण दाबला की वळायची. पोरांनी तिला कासव म्हणायला सुरुवात केली. दोन्हींतलं एकच ठेवायचं होतं.

बाई जमिनीवर चौकटींचा गुळगुळीत प्लास्टिकचा कागद अंथरायच्या आणि पोरं भोवती पालथी पडायची. त्यांत एक होती, पाच वर्षांची, बारीकशी. सगळे तिला मुंगी म्हणायचे. वर्गात ती बोलायची नाही. नाव विचारलं तरी ओठ मिटून घ्यायची, आणि तिची आई घ्यायला आली की दाराशी उभी राहून बाईंना रोज तेच विचारायची, "आज काही बोलली का हो?"

कासवापाशी मात्र मुंगी वेगळी व्हायची. बाकीची पोरं भराभरा बटणं दाबायची आणि कासव कुठंही गेलं तरी टाळ्या पिटायची. मुंगी गाल जमिनीला लावायची, बोटांनी घरं मोजायची आणि मगच दाबायची. पहिल्यांदा कासव झाडाच्या चित्रापलीकडे गेलं तेव्हा एक पोरगा ओरडला, "चुकलं, चुकलं." मुंगीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कासवाकडे बघत म्हणाली, "चुकलं नाही. एक घर जास्त झालं."

वर्गात तिनं बोललेलं ते पहिलं वाक्य. संध्याकाळी आईनं विचारायच्या आधीच बाईंनी ते तिला सांगून टाकलं.

पुढं मुंगी रोज बोलू लागली, फक्त कासवाच्या कामापुरती, पण बोलू लागली. बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं की कासवच ठेवायचं.

निवडीचा दिवस आला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आणि शाळेच्या समितीवरचे एक निवृत्त इंजिनीअरसाहेब साधनं बघणार होते. बाईंनी वर्गात जमिनीवर दाखवायचं म्हटलं. मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, खाली बसेन मी, पण उठवायला शिपाईकाकांना बोलवावं लागेल." साहेबांचेही गुडघे धरलेले. मग ठरलं की ऑफिसातच टेबलावर बघू. ऑफिसातलं टेबल फायलींनी भरलेलं, म्हणून मला नेलं.

पुठ्ठा वर्गातच राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

ऑफिसात मला पांढरी चादर घातली. ती चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आली आणि माझे पाय झाकले गेले. इतक्या वर्षांत मला कुणी असं नटवलं नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "छान दिसतंय हो टेबल." लंगडा म्हणून सगळे ओळखतात त्याला एक दिवस कुणी छान म्हटलं, की काय होतं हे तुम्हाला काय सांगू. मी मनाशी म्हटलं, आज कुरकुरायचं नाही. आज कुणाला कळू द्यायचं नाही.

आधी पाटी झाली. मग चादरीवर चौकटींचा कागद अंथरला आणि कासव ठेवलं. मुंगीला स्टुलावर उभं केलं. झाड चार घरं पुढं आणि दोन घरं उजवीकडं होतं. तिनं बोटांनी मोजलं, बटणं दाबली आणि हात मागं घेतले. कासव निघालं. एक घर. दोन घरं. सरळ चाललं होतं.

तेवढ्यात साहेब नीट बघायला पुढं वाकले आणि त्यांनी कोपर टेकलं, नेमकं माझ्या आखूड पायावरच्या कोपऱ्यावर.

मी कललो. नेहमी अशा वेळी मी करकरतो, टक्कन आवाज करतो. त्या दिवशी मी अंग आवरून धरलं आणि आवाज न करता कललो. कागद चादरीवरून घसरला, त्यावरचं कासव तिरकं झालं, कडेला गेलं आणि पडलं. एक चाक निखळून कपाटाखाली गेलं.

"पोरीचा मोजण्यात घोळ झाला," साहेब म्हणाले. रागानं नाही, सहज.

बाई म्हणाल्या, "साहेब, ती मोजण्यात चुकत नाही."

"बाई, यंत्र खोटं बोलत नाही. आत जे घालाल तेच बाहेर येतं."

मुंगीनं कासव उचललं, उलटं केलं, उरलेली चाकं फिरवून पाहिली. मग हळूच म्हणाली, "मी चारच दाबले होते."

"मग पडलं कसं?" साहेबांनी विचारलं.

उत्तर चादरीखाली होतं. मोठ्या बाईंनी मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, असू दे बाळा, लहान आहेस, होतं असं. सगळे मायेनं हसले. त्या हसण्यानं मुंगी स्टुलावरून उतरली आणि बाईंच्या मागं जाऊन उभी राहिली. पाटीत पडायची-मोडायची भीती नाही, म्हणून पाटी ठरली आणि कासव आलं तिथं परत गेलं.

मी वर्गात परत आलो. पायाखाली पुन्हा पुठ्ठा आला. पाट्याही आल्या. पाटी वाईट असं मी म्हणणार नाही, पोरं तिच्यात रमतात, चार गोष्टी शिकतातही. पण मुंगीचं बोट पडद्याच्या वरच थांबायचं. आधी ती बाईंच्या तोंडाकडे बघायची. बाईंची भुवई जराशी हलली की बोट दुसरीकडे न्यायची. तिची आई दाराशी पुन्हा तेच विचारू लागली. मी कोपऱ्यात उभा राहून ऐकायचो. अंगात वाळवी शिरावी तसं ते ऐकणं आत शिरायचं.

दोन महिने गेले. एकदा झाडलोट करताना पुठ्ठा निघून गेला. दुपारी बाई माझ्यावर वह्या तपासत होत्या. त्या कोपऱ्यावर रेलल्या, आणि खडू घरंगळत खाली गेला. मी या वेळी करकरलो. होता नव्हता तेवढा आवाज केला. बाईंनी खडू उचलून पुन्हा ठेवला. कोपर उचललं, खडू थांबला. टेकलं, खडू निघाला. त्या खाली वाकल्या, माझे पाय बघितले आणि तिथंच जमिनीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या निरोपावरून साहेब आले. बाईंनी त्यांना काही सांगितलं नाही, नुसता खडू हातात दिला. त्यांनी तो ठेवला, कोपर टेकलं, पाहिलं. असं तीनदा केलं. मग म्हणाले, "पोरीला बोलवा."

मुंगी आली. साहेब गुडघे धरत, एक हात माझ्यावर टेकत, कसेबसे खाली बसले. म्हणाले, "बाळा, तुझं बरोबर होतं. टेबल वाकडं होतं आणि कोपर माझं होतं. चुकलो मी." त्यांनी तिला खडू घरंगळवून दाखवला, माझा पायही दाखवला.

मुंगीनं सगळं पाहिलं. मग त्यांची समजूत काढावी तशी म्हणाली, "नाही आजोबा. माझंच चुकलं होतं. सगळे म्हणाले होते ना."

बाई खिडकीशी गेल्या.

पुढच्या आठवड्यात एक सुतार आला आणि त्यानं माझ्या पायाला तुकडा जोडला. तासाभराचं काम. आता मी चारी पायांवर सरळ आहे, खडू ठेवा, हलत नाही. माझं इतक्या सहज भागलं याचीच मला लाज वाटते.

कासव काही परत मिळालं नाही. म्हणून साहेब दर गुरुवारी येतात आणि स्वतःच कासव होतात. बाई जमिनीवर खडूनं चौकटी आखतात. मुंगी सांगते तेवढी पावलं साहेब टाकतात, वळ म्हटलं की वळतात. पोरं हसून लोळतात. मुंगी मात्र प्रत्येक वेळी सांगण्याआधी त्यांच्या तोंडाकडे बघते, बरोबर की चूक ते तिथं दिसतंय का म्हणून. म्हणून हल्ली साहेब डोळे घट्ट मिटतात आणि चेहरा दगडासारखा करून उभे राहतात.

परवा तिनं पाच पावलं सांगितली. साहेब मिटल्या डोळ्यांनी पाचही चालले आणि त्यांचा गुडघा माझ्यावर आपटला. मुंगी घाबरली. तिनं साहेबांकडे पाहिलं, तिथं काही नव्हतं. बाईंकडे पाहिलं, त्या पाठ करून फळा पुसत होत्या. मग तिनं मान खाली घातली आणि चौकटी मोजायला लागली. मोजून झाल्यावर काही बोलली नाही. पण मोजल्या तिनं.

माझं एवढंच म्हणणं आहे. लहानांसाठी काही निवडायला बसलात, तर लहान जिथं बसतात तिथं बसा, गुडघे दुखले तरी. आणि ठेवलेली वस्तू वाकडी गेली, तर पोराच्या तोंडाकडे बघण्याआधी चादर वर करून आमच्यासारख्यांचे पाय बघा. आम्ही आपणहून सांगत नाही. मी सांगितलं नव्हतं.