परवापर्यंत चालू

ग्रहांची हद्द ओलांडून कधीच पुढे गेलेल्या त्या यानावर सासऱ्यांनी तरुणपणी बनवलेलं एक उपकरण होतं, आणि ते बंद करायची आज्ञा आज सकाळी सुनेनेच पाठवली होती. यानावरची वीज वर्षागणिक आटत चालली होती. अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हटलं, तर कुणाला तरी पाय आखडावेच लागणार. इतकी वर्षं बैठकांमध्ये भांडभांडून तिने ते वाचवलं होतं. आता भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

सासूबाई गेल्यापासून रोज दुपारी सासऱ्यांचा नियंत्रण कक्षात फोन यायचा. "आमचं कार्टं काय म्हणतंय?" एवढंच विचारायचे. आजही विचारलं.

"चालू आहे, बाबा," ती म्हणाली.

ते खोटंही नव्हतं. आज्ञा तिथे पोचायला एक दिवस, आणि तिथली शांतता इथे कळायला आणखी एक. म्हणजे परवापर्यंत कार्टं खुशाल बडबडत राहणार होतं. पण म्हाताऱ्याचा एवढा एकच आधार आपण काढून घेतला, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

संध्याकाळी ती थेट त्यांच्या घरी गेली आणि दारातच सगळं सांगून मोकळी झाली. सासरे खुर्चीत टेकले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"सुटलो बाई!"

"म्हणजे?"

"अगं, गेल्या कित्येक वर्षांत त्याने नवीन काय सांगितलंय? मला तर रोज फोन करायचाही कंटाळा यायचा. पण तू त्याच्यापायी साऱ्या जगाशी भांडणार आणि मी साधी चौकशीही करायची नाही? तुला काय वाटलं असतं?"

"आणि मी कुणासाठी भांडत होते, बाबा?"

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. एकमेकांच्या भिडेपोटी दोघंही पार दमून गेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावरची, त्या उपकरणाच्या संदेशांची रेघ सपाट झाली. शेजारचा सहकारी हळूच चहा आणायला निघून गेला. आता फोन कशाला वाजतोय, असं म्हणत ती उठणार, तोच तो वाजला.

"बंद झालं, बाबा."

"ठाऊक आहे. एवढा हिशोब येतो मला अजून." ते जरा थांबले. "तू काय म्हणतेस?"