उकरून बघायचं न्हाय

“उकरून बघायचं न्हाय.” गंगव्वानं नव्यानं कामाला लागलेल्या सुरेखाचं बोट ट्रेमधून बाजूला केलं. “लावलं म्हंजे लावलं. बघाय गेलीस की कोंब मोडतोय.”

कागलजवळच्या या ऊस रोपवाटिकेत गंगव्वा सगळ्यांत जुनी. उसाचा एकेक डोळा कापून कोकोपिटात, म्हणजे नारळाच्या भुशात लावायचा आणि वर येईपर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही, हे तिनं येणाऱ्या प्रत्येकीला दटावून शिकवलं होतं. मालक बाळासोसुद्धा तिच्या ट्रेला हात लावत नसे.

तीच गंगव्वा रोज सकाळी मुलाला फोन करून विचारायची, पेशी आल्या का?

तिची लेक शिवलीला कोल्हापुरात दवाखान्यात काचेआड होती. तिच्या हाडांत रक्त तयार होणंच थांबलं होतं. रक्त तयार करणाऱ्या पेशी दुसऱ्याच्या घालायच्या होत्या, आणि त्या जुळल्या फक्त भावाच्या, अमरेशच्या. हाताच्या शिरेतून घेतलेल्या पेशी लवकर वाढतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. कमरेच्या हाडातल्या रुजायला वेळ घेतात, पण नव्या घरात, म्हणजे दुसऱ्याच्या अंगात, भांडण कमी काढतात. या आजाराला त्याच बऱ्या. अमरेश एमआयडीसीत ओझी उचलणारा गडी, कंबर गेली तर खायचं काय, म्हणून तो शिरेवर अडून बसला. गंगव्वानं ऐकलं नाही. उशीर लागू दे, पण टिकू दे, म्हणाली आणि त्याला टेबलावर झोपायला लावलं.

त्या पेशी शिवलीलाच्या अंगात सोडल्या होत्या, आणि आता उशीर लागत होता. शिवलीलाचा ताप उतरत नव्हता. आज फोनवर अमरेशचा तोल गेला.

“अव्वा, तू हट्ट धरलास. हातातनं दिलं असतं तर आत्तापत्तोर आलं असतं. तिला काय झालं तर तुझ्यामुळं.”

गंगव्वाला त्याचा राग आला नाही. पोरगा खरं बोलत असेल, याची भीती वाटली.

दुपारी बायका जेवायला गेल्या. ती ट्रेपाशीच बसून राहिली. मग तिनं कोकोपिटात बोट घातलं. डोळा फुटला होता. पांढरा कोंब वर येतच होता, तो तिच्या बोटाखाली मोडला.

संध्याकाळी अमरेशचा पुन्हा फोन आला. पेशी दिसायला लागल्या होत्या. थोड्याच, पण आल्या होत्या. हाडातल्या अशाच सावकाश येतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझं चुकलं, म्हणाला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि जेवलास का, एवढंच विचारलं.

पुढं ट्रे हिरवेगार झाले. गाडी भरताना बाळासोला एका ट्रेमध्ये एक खळगा रिकामा दिसला. हे कुणी उकरलं, असं त्यानं सुरेखाकडं बघून विचारलं. ती कावरीबावरी झाली.

“मी उकरलं,” गंगव्वा म्हणाली.

ती पोरीला पाठीशी घालतेय असं समजून बाळासो हसला. बायकाही हसल्या. सुरेखानं तो खळगा भरायला दुसरं रोप आणलं.

“ऱ्हाऊ दे तसाच,” गंगव्वा म्हणाली, आणि तो ट्रे तिनं स्वतः उचलून गाडीत ठेवला.