बावीस खाटा, एकच आकडा

पेरूतल्या आरेकिपा शहराच्या त्या सरकारी इस्पितळात पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डातले बावीसच्या बावीस रुग्ण मिनिटाला बरोबर अठरा वेळा श्वास घेत. हर्नियाचा असो, पाय कापलेला असो, की शेवटच्या घटका मोजणारा असो; तक्त्यात अठराच. लष्करी संचलनालाही इतकी एकवाक्यता साधत नाही, आणि तिथे निदान रोज सराव तरी होतो.

सासूच्या अंथरुणाशी चौदा वर्षे काढून पुन्हा परिचारिकेच्या गणवेशात आलेल्या एदेल्मिरा चोकेवांकाने हा चमत्कार पहिल्याच आठवड्यात हेरला होता. आता तिची तीन महिन्यांची उमेदवारी शुक्रवारी संपत होती. इन्चार्ज ग्रिसेल्दाने कागदावर सही केली तर नोकरी कायम. नाही तर त्रेपन्नाव्या वर्षी परत घरी, जिथे आता सासूही उरली नव्हती.

मंगळवारी दुपारी तिने चौदाव्या खाटेवरच्या म्हाताऱ्या फाउस्तिनोच्या छातीवर हात ठेवला आणि घड्याळाकडे पाहत राहिली.

"काळीज शोधताय होय, सेन्योरिता?" म्हातारा धापा टाकत म्हणाला. "ते... बायकोकडे आहे."

"गप्प पडा. आकडा चुकतो."

चौतीस. पहाटेच्या आणि सकाळच्या रकान्यांत अर्थातच अठरा. तिने डॉक्टरांना बोलावून घेतले. फुप्फुसात रक्ताची गुठळी निघाली. अर्ध्या तासात म्हाताऱ्याला अतिदक्षता विभागात हलवले. वाचला.

चार वाजता ग्रिसेल्दाने तिला परिचारिकांच्या खोलीत बोलावले. बडीशेपेच्या उकाळ्यात साखर ढवळता ढवळता ग्रिसेल्दाने फाउस्तिनोचा तक्ता नव्या कागदावर नव्या आकड्यांनी लिहून काढला होता. पहाटे बावीस, सकाळी सव्वीस, दुपारी चौतीस. इतकी डौलदार चढण मिस्ती डोंगरालाही लाभलेली नाही.

"इथे सही करा, मामिता," ग्रिसेल्दा म्हणाली. म्हाताऱ्या रुग्णबायकांना लाडीगोडीने हाक मारायचा शब्द तिने एदेल्मिरासाठी पहिल्या दिवसापासून राखून ठेवला होता. "आपण पहाटेपासून लक्ष ठेवून होतो, असं दिसेल. तुमचंही नाव होईल. शुक्रवारचा कागद मी आत्ताच भरून टाकते."

"हे आकडे कुणी मोजले?"

"अहो, बावीस खाटा नि दोन पोरी! मोजत बसलं तर औषधं कोण देणार? तुमची सासू?"

"मोजलं नसेल तर जागा कोरी सोडावी."

ग्रिसेल्दाने चमचा खाली ठेवला. "बघा, कोण बोलतंय! मी शिकाऊ होते तेव्हा याच खोलीत तुम्ही मला काय सांगितलंत? 'पोरी, श्वास कुणी मोजत नसतं. अठरा लिही आणि घरी जा.' आठवतंय, की तेही सासूबरोबर पुरलंत?"

आठवत होते. आपला तेव्हाचा उदार, थोरल्या बहिणीचा स्वरसुद्धा आठवत होता. तीन महिने ती या वॉर्डाकडे ज्या निर्मळ तुच्छतेने पाहत आली होती, त्या तुच्छतेला आता बाहेर जायला दार उरले नाही. इतरांनी निदान कामाच्या रगाड्यात खोटे लिहिले होते. तिने ते शिकवण म्हणून दिले होते, तेही फुकट.

तिने पेन उचलले. ग्रिसेल्दाच्या चेहऱ्यावर समाधान पसरले, ते ओळीगणिक ओसरत गेले. शेऱ्याच्या रकान्यात एदेल्मिराने लिहिले: 'या तक्त्यातला चौतीस हा आकडा सोडला तर एकही मोजलेला नाही. न मोजता लिहिण्याची सवय या वॉर्डाला मी लावली.' खाली पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, वेळ.

"डोकं फिरलंय का तुमचं? यात तुम्हीच बुडाल!"

"हो. पण एकटी नाही, ग्रिसेल्दा."

"शुक्रवारी यायची तसदी घेऊ नका."

"आज मंगळवार आहे," एदेल्मिरा म्हणाली. तक्त्याचा कागद तिने हातात घट्ट धरला, वॉर्डात गेली आणि पंधराव्या खाटेवरच्या माणसाला शर्टाची बटणे काढायला सांगितले.