बाबा गेले नाहीत, वऱ्हाड आलं

माझे बाबा पुस्तकांचं बाइंडिंग करतात. घराच्या खालीच दुकान: लांब टेबल, खळीचा वास आणि शिवणीची वाट बघणारे छापील कागदांचे ढीग. माणूस तसा फिरण्याचा भारी हौशी. फक्त शेजारच्या देशात पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. तिथल्या एका लेखकाचा कथासंग्रह बाबांनी स्वतः बांधला होता, आणि त्याच कथांसाठी तिथल्या सरकारने त्याला तुरुंगात टाकलं. तो सुटेपर्यंत जायचं नाही, असं बाबांनी ठरवून टाकलं. आत्याकडे जायची सरळ गाडी त्या देशातून जाते, म्हणून एकदा त्यांनी आम्हाला बोटीने नेलं. आई सबंध प्रवासभर कठड्याला धरून ओकत होती. "धडा त्या सरकारला शिकवायचाय ना?" ती मधून मधून विचारायची. "मग माझ्या पोटाला का?"

पुढे ताईला नेमका त्याच देशातला मुलगा आवडला. तो इथे चष्म्याच्या दुकानात कामाला होता. ताई इतक्यांदा चष्मा बदलून आली, की पोरीचे डोळे गेले की काय, अशी आईला धास्ती वाटायला लागली. मुलगा ताडमाड उंच, सदा हसरा. आम्ही त्याला लांबू म्हणायचो. बाबांनाही तो पसंत होता. पण त्याच्या आईवडिलांना लग्न त्यांच्या घरी हवं होतं, आणि तिथे घोडं अडलं.

"मी येणार नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, लग्न माझं आहे."

"तुझंच आहे, तू खुशाल जा. पण तिथे शिरायचं म्हणजे त्या लोकांच्या खिडकीपुढे हसून उभं राहायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. माझ्याने नाही व्हायचं ते."

"म्हणजे तो लेखक तुमचा. आणि मी कोण?"

बाबांनी समोरचा ढीग ओढला आणि शिवायला घेतला. त्या दिवसापासून ताईने अबोला धरला. जेवताना शेजारीच बसायची, पण मला सांगायची, "त्यांना म्हणावं, मीठ सरकवा."

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी दुकानाच्या दारात एक गोलमटोल, टकले गृहस्थ येऊन उभे राहिले.

"मी तुमच्या लांबूचा बाप. बस चालवतो. आज मात्र प्रवासी म्हणून आलो. तुमच्याकडचे ड्रायव्हर ब्रेक फार मारतात हो!"

बाबांनी घाईघाईने स्टूल पुढे केलं. पाहुणे बसले आणि आवाज जरा खाली आला.

"तुम्ही येत नाही हे आमच्या सरकारला कळतसुद्धा नाही. कळतं ते मला. मी घर रंगवलं, बायकोने नवे पडदे शिवले. आम्ही कुणाला तुरुंगात टाकलं?"

बाबांचा चेहरा उतरला. "तुमचा अपमान करायचा नव्हता मला. पण तिथे आलो तर माझं तोंड मलाच बघवणार नाही. तुम्हीच का येत नाही सगळे?"

"नोकरीला इकडे येणाऱ्या पोरांना सोडतात, आम्हाला कुठे? परवानगी लागते. मुलाचं लग्न ठरवायचंय म्हटलं, म्हणून मला सोडलं. आजारपण किंवा जवळच्या नात्यातलं लग्न, एवढीच कारणं…"

बोलता बोलता ते थांबले. मग टेबलावर अशी थाप मारली की खळीचं भांडं उडालं.

"व्याही! लग्न इथेच! नातेवाईक किती आणायचे ते माझ्यावर सोडा!"

जिन्यात उभी राहून ताई सगळं ऐकत होती. ती खाली आली. "बाबा," ती म्हणाली, "दोघांसाठी चहा टाकू का?"

लग्नाला बस आली ती खच्चून भरलेली, आणि व्याही स्वतः स्टिअरिंगवर. अर्धी गल्ली त्यांनी नात्यात ओढली होती. लांबू एकेकाकडे आ वासून बघत होता.

"ह्या कोण?"

"मावशी! कडेवर घेऊन हिंडल्यात तुला. विसरलास?"

घोळ एकच झाला. कागदोपत्री एकाच काकूंचे दोन नवरे निघाले, आणि दोघेही काकूंच्या शेजारी बसायला तयार होईनात.

सह्या झाल्या, जेवणं झाली, आणि सगळं वऱ्हाड दुकानात लोटलं. त्या लेखकाचं पुस्तक तिकडे कुणी डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं. बाबांनी आपली प्रत काढली. त्या मावशींनी, म्हणजे मुळात शाळेतल्या बाईंनी, ती मोठ्याने वाचायला घेतली. नटूनथटून आलेली माणसं जमिनीवर बसून पोट धरधरून हसत होती. कथा इतक्या विनोदी आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. बाबा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले.

परत जाताना मावशी बसमध्ये चढल्याच नाहीत. वर्गात काहीबाही बोलल्या म्हणून त्यांच्या मागे चौकशी लागली होती.

"अहो, सरहद्दीवर मी काय सांगू?" व्याही गांगरले.

"सांगा, मावशी पळून गेली. कुणाबरोबर, असं विचारलं तर नुसतं लाजा."

सरहद्दीवर व्याही खरोखरच लाजले, असं नंतर कळलं. पहारेकरी खो खो हसले आणि बस सुटली.

लेखक अजून आतच आहे, आणि बाबा अजून तिकडे जात नाहीत. ताई आणि लांबू मात्र जाऊन येऊन असतात. मावशी आता बाबांच्या समोर बसून पुस्तकं शिवतात आणि दोरा जाड की बारीक, यावरून त्यांच्याशी दिवसभर भांडतात. वरच्या मजल्यावर आईला सगळं ऐकू येतं. ती म्हणते, बरं झालं, माझा भार हलका झाला.