अक्षरांची लाल कड

मला राग आला की मी काम काढते. भांडी घासते, नाहीतर कॉम्प्युटरपुढे बसते. त्या दिवशी कॉम्प्युटरचा नंबर लागला.

झालं असं. बाबांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दुकानं पडली, पाट्या भंगारात गेल्या. उरला एकच फोटो, औषधांच्या दुकानाच्या पाटीचा. काळ्यावर पांढरी टपोरी अक्षरं. जुन्या पाट्यांच्या प्रदर्शनासाठी तो घेऊन आम्ही दोघं गेलो, तर निवड करणाऱ्या बाईंनी बाबांसमोरच सांगितलं की कडा स्वच्छ नाहीत, लाल-निळा रंग फुटलाय, रंगाऱ्याचा हात थरथरत असावा. बाई काही वाईट नव्हत्या, दिसलं ते बोलल्या. शेवटची निवड व्हायची होती अजून.

घरी येऊन बाबांनी फोटो पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "असेल पोरी. आपला हात आपल्याला कुठे दिसतो?"

पट्टी न लावता सरळ रेघ ओढणाऱ्या माणसाच्या तोंडून हे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही कड रंगाची नाही, लेन्सची करामत आहे हे मला ठाऊक होतं. आमचा स्टुडिओच आहे. लेन्स लाल आणि निळं चित्र एका मापाचं काढत नाही. हिरव्यापेक्षा लाल केसभर मोठं, निळं केसभर लहान. फोटोच्या मधोमध ते कळत नाही, कोपऱ्याकडे जावं तसतशी कड सुटत जाते. ते ताळ्यावर आणायचं बटण कॉम्प्युटरमध्ये असतं. दाबलं, तर कडा आणखी बिघडल्या. कडेचा रंग पुसून पाहिला, तर अक्षरांभोवती राखाडी डाग राहिले.

मग हात आवरला आणि नुसती बघत बसले. प्रत्येक अक्षराची लाल कड वर डावीकडे, निळी खाली उजवीकडे. अहो, रंग ओघळला असता तर खाली ओघळला असता, वर कसा चढेल? आणि अख्ख्या फोटोत लाल कड मध्यापासून चहूबाजूंना बाहेर सुटते. इथे सगळ्या कडा एकाच बाजूला झुकलेल्या, म्हणजे हा अख्खा फोटोच नव्हे. हा कोपऱ्यातला तुकडा.

आमच्या ह्यांना विचारलं, मूळ फोटो कुठे आहे. आधी कानावर हात, मग मान खाली. फोटो काढला होता स्वतःच्या नव्या कोऱ्या मोटरसायकलचा, पाटी आली होती कोपऱ्यात. पुढे मोटरसायकल विकावी लागली, तर तिचं तोंड बघवेना म्हणून पाटीपुरता तुकडा कापला आणि बाकीचा उडवला. कप्पाळ माझं! कडा आधी दुरुस्त करायच्या आणि मग कापायचं, हे स्टुडिओच्या मालकाला कोणी सांगायचं? बटण बिचारं तुकड्याच्या मध्यालाच लेन्सचा मध्य समजत होतं.

पण मध्य उडवला तरी त्याची खूण राहते. एकेका अक्षराची कड ज्या दिशेने सुटली होती, त्या दिशेने मी रेघा ओढत गेले. सगळ्या रेघा फोटोच्या बाहेर, खाली उजवीकडे, एका जागी येऊन भेटल्या. तिथे बोट ठेवून ह्यांना विचारलं, इथे काय होतं?

"माझी मोटरसायकल," हे म्हणाले. आवाज अजून हळवा.

मग फोटोला खाली आणि उजवीकडे कोरी जागा जोडली, रेघा भेटल्या तो ठिपका बरोबर मध्यावर येईपर्यंत, आणि बटण दाबलं. लाल चित्र आत सरकलं, निळं बाहेर आलं, दोन्ही हिरव्यावर चपखल बसली. पांढरं अक्षर संपलं की लगेच काळी पाटी, मध्ये काही म्हणजे काही नाही. मी अशी ओरडले की ह्यांचा चहा सांडला. जिंकले होते मी.

बाईंना दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले, रेघांसकट. त्यांनी आपला शब्द मागे घेतला आणि बाबांच्या पाटीला दारासमोरची भिंत दिली.

प्रदर्शनात बाबा फोटोला नाक लावून उभे. कडेकडेने बोट फिरवत शेवटच्या अक्षराशी थांबले. तिथल्या वळणावर बारीकशी गाठ होती, आधी लाल-निळ्यात बुडालेली. मी हळूच विचारलं, ही काढून टाकू का?

"खबरदार," बाबा म्हणाले. "शिडीवर होतो, नाकावर माशी बसली. तेवढाच हलला हात."

आणि येईल त्या माणसाला थांबवून ते ती गाठ दाखवू लागले.